बिनआवाजाची गाडी

आमचं दुकान लग्नाकार्याची भांडी भाड्याने देण्याचं. पातेली, पराती, हंडे, झारे, सगळा जड माल. तो हुबळीतून उचलून नवनगरच्या नाहीतर धारवाडच्या कार्यालयात पोचवायचा आणि कार्य उरकलं की परत आणायचा. वीस वर्षं हे काम एका डिझेल पिकअपने केलं आणि ती पिकअप माझ्या थोरल्या भावाने चालवली. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना मूलबाळ नाही, वहिनी जाऊनही बराच काळ झाला. सकाळी आंघोळ करून ते आधी गाडीला हात लावतात आणि मग देवाला. यावरून माझी बायको त्यांची थट्टा करायची, तीही ते हसून घ्यायचे.

गेल्या वर्षी गाडीचं पासिंग संपत आलं. एजंटाने तोंडावर सांगितलं की आता ही पास होणार नाही, उगाच खर्च करू नका. नवी घ्यायची ऐपत नव्हती. तेवढ्यात गोकुळ रोडच्या एका गॅरेजमध्ये वापरलेली इलेक्ट्रिक पिकअप विकायला उभी असल्याचं कळलं. एका बेकरीवाल्याची तीन वर्षं वापरलेली पांढरी गाडी, पत्र्याला कुठे पोचा नाही. मी दोनदा एकटाच जाऊन बघून आलो. बॅटरी किती उरली आहे हे मिस्त्रीने मशीन लावून दाखवलं. पूर्ण माल भरून धारवाडला जाऊन परत येईल आणि वर थोडी चार्जिंग शिल्लक राहील, असं तो म्हणाला. गोदामात चार्जिंगचा जाडा सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियनही ठरवला. राहिलं होतं ते फक्त अण्णांना विचारायचं.

आमच्या घरात विचारण्याची एक रीत आहे. दुकानात संध्याकाळी दिवा लावला की धाकट्याने थोरल्यासमोर विषय काढायचा. थोरल्याला नको असेल तर तो नको म्हणतो. हो असेल तर काहीच बोलत नाही, देव्हाऱ्याकडे बघत राहतो. होकार तोंडाने उच्चारला की दृष्ट लागते, असं आमचे आजोबा मानायचे. वडिलांनी ही रीत मोडली नाही आणि आम्हीही नाही. त्या दिवशी दिव्याला हात जोडून उभ्या असलेल्या अण्णांच्या मागून मी म्हणालो, "अण्णा, गोकुळ रोडला एक करंटवाली पिकअप आहे. घ्यायचं बघतोय." अण्णा गप्प. मी मनात हो लिहून घेतलं आणि रविवारी सकाळी त्यांना गाडीत बसवून गोकुळ रोडला निघालो. कुठे निघालोय म्हणून त्यांनी वाटेत विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "परवा सांगितलं की." ते पुढे काही बोलले नाहीत.

गॅरेजमध्ये अण्णा नव्या गाडीत चढले. किल्ली फिरवली, समोरचे दिवे लागले. ते थांबून राहिले. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. इंजिन चालू होण्याची वाट बघतायत, हे मला कळलं आणि हसू आलं. मिस्त्री बाहेरून म्हणाला, चालू झाली आहे, पाय द्या. अण्णांनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि डाव्या पायाने क्लच शोधायला लागले. मग त्यांचा उजवा पाय दाबला गेला, गाडी झटक्यात पुढे गेली आणि ऑइलच्या रिकाम्या पिंपावर आपटली. पिंप गडगडत भिंतीपर्यंत गेलं. आम्ही सगळे दचकलो. अण्णा त्या पिंपाकडे बघत होते, पण दचकले नव्हते.

मिस्त्रीने त्यांना गाडी मागे घ्यायला लावली. गाडी मागे येताना बीप बीप असा मोठा आवाज करते. मिस्त्री मागून "साकु, साकु" म्हणून ओरडत होता, बास झालं म्हणून, आणि गाडी मागे येतच होती. शेवटी त्याने पत्र्यावर जोरात थाप मारली, तेव्हा ती थांबली. तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णारिगे किवि केळसंगिल्लेन्री?" म्हणजे, अण्णांना ऐकू येत नाही का. मी त्याच्यावर भडकलो. तुझी गाडी नीट नाही आणि आमच्या माणसाला नावं ठेवतोस का, असं बरंच काही बोललो. तो माणूस चांगला होता, त्याने ऐकून घेतलं.

परत निघताना अण्णा आमच्या जुन्या गाडीत बसले आणि त्यांचा चेहरा निवळला. किल्ली फिरवताच सगळी गाडी थरथरली. त्यांनी डावा तळवा गिअरच्या दांड्यावर सपाट ठेवला. तो तळवा मी वीस वर्षं बघत होतो. त्या दिवशी मात्र मी त्याच्याकडेच बघत राहिलो. गाडीने सूर बदलला की त्यांना ते तळव्यात कळत होतं. आम्हाला नवनगरहून भांडी आणायची होती, म्हणून रस्ता उणकलवरून होता. मी खिडकीबाहेर तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, गाडी जरा बाजूला घ्या." ते चालवत राहिले. मी पुन्हा म्हणालो. मागचा बसवाला हॉर्न मारत होता, त्यालाही ते बाजू देत नव्हते.

परत आलेल्या भांड्यांचे पोचे आमच्याकडे अण्णाच काढतात. पातेलं पालथं घालून, डोकं जवळ नेऊन, वरून ठोकायचं. चाळीस वर्षं ते ठोकत आले आहेत. दोन ठोक्यांतच माझे कान किटायचे म्हणून मी गल्ल्यावर जाऊन बसायचो. त्यांच्या कानांचं काय होत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

उणकलच्या तळ्यापुढे एक तीन मजली इमारत आहे. तिथे आधी आमचा प्लॉट होता, कागदोपत्री माझ्या नावावर. तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि पुढे गाडी उभी राहील एवढं अंगण ठेवायचं, असं अण्णांच्या मनात होतं. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या कॉलेजसाठी मी तो विकला. विचारूनच विकला. संध्याकाळी, दिवा लागल्यावर, त्यांच्या पाठीमागे उभं राहून. त्या इमारतीवरून जाताना अण्णा नेहमी मान दुसरीकडे वळवायचे. त्या दिवशीही वळवली. मनात नव्हतं तर होकार कशाला दिला, असा मला त्यांचा रागही यायचा. आता मला त्या सीटवर बसवेना.

संध्याकाळी मी दिवा लावला आणि स्टूल ओढून अण्णांच्या पुढ्यात बसलो. आमच्यात असं कुणी बसत नाही. ते जरा बावरले. मी तोंड नीट उघडून, सावकाश विचारलं, "अण्णा, ती करंटची गाडी घेऊ का? गप्प बसू नका. हो की नाही ते बोला."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "घे. चांगली आहे. मी चालवणार नाही."

"सवय होईल की, अण्णा. महिनाभर मोकळ्या जागेत चालवा."

"नको. ही जुनीपण आता नको चालवायला. नवनगरात मागच्या महिन्यात एक बाई गाडीपुढून बाजूला पळाली. मागे बघितलं तर तिचं तोंड हलत होतं. ओरडत होती. मला काहीच ऐकू आलं नाही. तेव्हापासून रोज भीत भीत चालवतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"गाडी सोडून मी दुकानात काय करू? आणि कुणी विचारलंही नाही."

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मी उठू शकत नव्हतो. मी म्हणालो, "उणकलचा प्लॉट विकायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच. तुम्ही गप्प होता, म्हणून मी हो समजलो."

"काय?" ते पुढे झुकले. "परत बोल."

मी परत बोललो, एकेक शब्द सुटा करून.

"विचारलं होतंस?" अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, नाव तुझं म्हणून तू विकलास. आता मला विचारण्यासारखं राहिलं नाही, असं वाटलं. पाया खणायला लागले तेव्हा रस्त्यावरून बघितलं मी."

"तेव्हा ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नको म्हणालो असतो. भांडलो असतो तुझ्याशी." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मग दोन दिवसांनी विक म्हणालो असतो. पोराचं शिक्षण होतं."

मी मान खाली घातली होती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी वर बघेपर्यंत थांबले.

"विचारलं होतंस होय," ते पुन्हा म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवत नव्हतं.