लसीचा बुधवार

मूल लहान असताना आईला झोप मिळत नाही, गरम जेवण मिळत नाही, केस विंचरायला दोन्ही हात एकदम मोकळे मिळत नाहीत. किस्से मात्र भरपूर मिळतात! त्यातून तुम्ही मुलाला गावच्या उपकेंद्रात लसीला नेत असाल तर विचारूच नका. प्रत्येक सुईमागं एक किस्सा ठरलेला. सांगायला कुणी नसलं की ते पोटात साठत जातात आणि मग माहेरी मैत्रिणी भेटल्या की माझं तोंड थांबत नाही. तर ऐका.

मी साताऱ्याची, सासर विट्याजवळच्या एका गावात. आमच्याकडचे निम्मे पुरुष गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारे. त्यांची दुकानं देशभर. उरलेले बरेचसे फौजेत. माझा नवरा संदीप मदुराईला. मुलीचं, ओवीचं, बारसं साताऱ्यात झालं आणि दोन दिवसांत तो परत गेला. इकडं सासूबाईंचा गुडघा धरला, म्हणून मीही लवकरच माहेर सोडून सासरी आले. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मी, ओवी आणि एक म्हैस. गावात मला ओळखणारं कुणी नाही. म्हशीनंसुद्धा ओळख द्यायला महिना घेतला!

उपकेंद्रात लस असायची ती बुधवारी. बाकीचे वार कसे जायचे ते सोडा.

*

पहिल्याच बुधवारचा किस्सा. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणजे खमक्या बाई. ओवीला मांडीवर घेऊन बसले तर आधी माझ्याकडंच बघितलं.

"जेवलाय का तुमी?"

मी मान हलवली. नक्की कशी हलवली ते मलाही कळलं नाही. तेवढ्यात त्यांनी सुई टोचलीसुद्धा. ओवीनं एकदा "आँ" केलं आणि गप्प झाली. रडायला लागले मी! तेही साधं नाही, हुंदके देऊन, नाक ओढत.

सिस्टरनी सुईकडं बघितलं, ओवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आवं, लस कुणाला दिली मी?"

बाकावरच्या सगळ्या बाया हसल्या. शेजारी बसलेल्या जयश्रीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "हसू द्या वो. पयल्यांदा समद्या रडत्यात."

मी पण हसले. खरं सांगू का, ते रडू सुईचं नव्हतंच. घरी दिवसभर "बाळ प्यालं का, बाळ झोपलं का" चालायचं. मी जेवले का, हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

*

दुसरा किस्सा वजनाचा. झोळीच्या काट्याला बाळ लटकवायचं आणि सिस्टरनी वजन मोठ्यानं सांगायचं, ही तिथली पद्धत. आत्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. चारचौघांत बाळाचं वजन सांगायचं म्हणजे दृष्टीला आवतणच! पुढच्या खेपेला गुडघा दुखत असताना त्या मुद्दाम माझ्याबरोबर आल्या आणि सिस्टरच्या कानाला लागल्या.

"बाई, हाय तेवढं तुमच्यापाशी ठेवा. बोलताना जरा कमीच बोला."

सिस्टरनी खरं वजन मला हळूच सांगितलं, चांगलं भरलं होतं. बाकाला ऐकू जाईल असं मात्र बरंच कमी करून सांगितलं. आत्या खूश. येताना ओवीच्या गालाला आणखी एक काजळाचा ठिपका लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाई दारात. वाटीत नाचणीचं सत्त्व. मग दुसरी, खारका घेऊन. तिसरीनं माझ्याकडं बघून आत्यांना विचारलं, "सूनबाईला दूध न्हाई व्हय?" दुपारी अंगणवाडीच्या ताई आल्या. बाळ अशक्त आहे असं ऐकलं म्हणाल्या. आत्यांनी ओवीला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरलं.

"कोण म्हंतंय अशक्त? आवं, उचलून तर बगा! माजं मनगाट भरून येतंय!"

"मग काल वजन एवढं कमी कसं?"

आत्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हशीकडं बघायला लागले.

आठवडाभर घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्या सल्ले द्यायच्या, कुणी म्हणायची बाळंतशेपा खा, कुणी म्हणायची आळीव खा. आत्या वैतागल्या, मला मात्र तो आठवडा फार आवडला. नंतर गैरसमज मिटला आणि येणंजाणं थांबलं. सत्त्वाची वाटी परत न्यायलाही त्या बाईनं पोराला धाडलं.

*

जयश्रीचा नवरा फौजेत. सुट्टीवर आला तेव्हा लेकाच्या लसीला स्वतः आला. केस बारीक, छाती पुढं, बूट चकचकीत. आल्या आल्या बाकावरची गर्दी बघून म्हणाला, "ये क्या है? लाईन लगाओ!"

आणि काय सांगू, लागली की लाईन! एरवी सिस्टर ओरडून थकायच्या तरी न सरकणाऱ्या बाया पोरं काखेत घेऊन एकामागं एक उभ्या. आत्यासुद्धा पदर डोक्यावर घेऊन ताठ. सिस्टर म्हणाल्या, "दर बुधवारी येत जावा की वो!"

मग त्याच्या लेकाचा नंबर आला. सिस्टरनी सुई भरली. त्यानं एकदा सुईकडं बघितलं, एकदा दाराकडं बघितलं.

"जयू, गाडी उनात हाय. सावलीला लावून येतो."

आभाळ भरून आलेलं! उन्हाचा पत्ता नाही!

लेकाची सुई झाली, अर्धा तास झाला, तरी गाडी सावलीला लागतच होती. जयश्री शांतपणे म्हणाली, "त्यांच्या भरवशावर देश निवांत झोपतोय."

*

एक छोटासा. लस दिल्यावर बाळाला काही होत नाही ना, हे बघायला अर्धा तास बाहेर बसवतात. तो अर्धा तास म्हणजे बायकांच्या फोनवरच्या बातम्यांची वेळ. एकीचा नवरा गुवाहाटीला, तिकडं पूर. जयश्रीचा लडाखला, तिकडं बर्फ. माझा मदुराईला, तिकडं ऊन मी म्हणतंय. एकीचा अमृतसरला, तिकडं धुकं.

कोपऱ्यात नातवाला घेऊन एक आजी बसल्या होत्या. सगळ्या देशाचं हवामान ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि आपल्या हितं काय हाय गं?"

जयश्री म्हणाली, "हितं? हितं आमी हाय!"

*

तो अर्धा तास मला पुरायचा नाही. ओवीला ताप येतोय का बघते म्हणून मी आणखी थोडं बसायचे. मग तिला भूक लागली म्हणून. मग ऊन उतरू दे म्हणून. सिस्टर औषधांचा डबा बंद करायच्या, कुलूप हातात घ्यायच्या, तरी मी बाकावर.

तीन लसी झाल्या की नऊ महिन्यांपर्यंत आमच्या उपकेंद्रात सुई नसते. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! बाकीच्या बाया सुटलो म्हणाल्या. मी लसीचं कार्ड पुन्हा पुन्हा उलटून बघितलं.

पुढच्या बुधवारी ओवीला टोपरं घातलं आणि गेले. सिस्टर म्हणाल्या, "तुमची न्हाई आज."

"वजन करायचं होतं."

वजन केलं. त्याच्या पुढच्या बुधवारी परत गेले. मी म्हणाले, गाल जरा लाल वाटतात. त्याच्या पुढच्या बुधवारी काही सुचलंच नाही. नुसती दारात उभी राहिले, ओवीला कडेवर घेऊन.

सिस्टरनी मान वर केली नाही. लस भरता भरता म्हणाल्या, "बसा. पयलं या बाळाला टोचती, मग आपून च्या करू."

लसीचं काम आटपल्यावर त्यांनी खरंच चहा टाकला. आम्ही दोघी त्या रिकाम्या बाकावर बसून प्यायलो. त्यांचं गाव तिकडं पलूसच्या बाजूला, मुलगी पुण्याला शिकायला, घरी एकट्याच, एवढं त्या दिवशी कळलं.

*

ओवी रांगायला लागली तेव्हा तिला एकदा सांगलीच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. आजार काही नव्हता, सगळं वेळच्या वेळी करते ना, एवढंच बघायचं होतं. आत्या बरोबर. डॉक्टर तरुण, चष्मेवाले, प्रश्न भराभर विचारणारे. बसते का? वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते का? नाव ऐकून वळून बघते का? मी उत्तरं देत होते, पण आत्यांना दम धरवेना.

"घरातल्या माणसांना ओळखते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"समद्यांस्नी वळखती!" आत्या म्हणाल्या. "मला वळखती, आईला वळखती. म्हशीलाबी वळखती!"

डॉक्टर हसले. "छान. आणि वडिलांना?"

आत्यांनी पदर नीट केला.

"ते आलं की सांगतो."

डॉक्टरांनी खिशातला पेन काढला, परत ठेवला. फी मात्र पूर्ण घेतली!

येताना एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या आणि ओवी माझ्या मांडीवर झोपली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. संदीप येईल तेव्हा हिनं त्याला ओळखावं. मला दुसरं काही नको होतं. त्यालाही तेच हवं होतं. फोनवर दर वेळी विचारायचा, "मला बघून घाबरणार तर न्हाई गं?"

*

आता शेवटचा.

आमचं घर ओढ्याच्या काठाला, खोलगटात. तिथं फोनवर बोलणंच कसंबसं होतं, माणूस दिसायचं नाव नको. टॉवर आहे वर, उपकेंद्राच्या मागं. संदीप सकाळपासून रात्रीपर्यंत भट्टीपाशी. पण लसीच्या दिवशी तो चुलतभावाला भट्टीवर उभा करायचा आणि बरोबर वेळेला दुकानाबाहेर येऊन व्हिडिओ कॉल लावायचा. लसीला बाप हजर पाहिजे, हा त्याचा हट्ट. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी ओवीला मांडीवर घ्यायचे, फोन तिच्या तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ, बाबा बघ!" ती बघायची. मग सिस्टर सुई टोचायच्या.

लहान होती तेव्हा तिला काय कळणार! नऊ महिन्यांच्या लसीला मात्र फोनमध्ये बाबा दिसल्यावर हसली, सुई बसली आणि रडत रडत फोनकडंच बघत राहिली. संदीप तिकडून "न्हाई गं, न्हाई गं बाळा" करत होता.

मधे तो यायचा होता, पण लग्नसराई निघाली आणि दुकान सोडता येईना. तोवर ओवी सव्वा वर्षाच्या पुढं गेली, बूस्टरचा बुधवार आला. आता ती चालत होती, थोडं थोडं बोलत होती. फोन लावला. बाबाचा चेहरा बघितल्याबरोबर तिनं दोन्ही पाय पोटाशी घेतले.

सिस्टर तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. "शाणी बाय माजी! आण बगू मांडी. पटकन हुतंय, मग बिस्कीट."

ओवीनं सिस्टरकडं बघितलं, फोनकडं बघितलं आणि हळूच पाय पुढं केला. सुई झाली. अगदी थोडं रडली. बिस्कीट मिळालं.

संदीपचा आनंद मावेना. "बघितलंस? मला बघून जरासुद्धा घाबरली न्हाई! वळखती मला!"

"ओळखते," मी म्हणाले.

आणि मग जत्रेला तो आला. ओवी दीड वर्षाची. आदल्या दिवसापासून आत्यांनी अंगण सारवलेलं, पुरणाचा घाट घातलेला. मी ओवीला नवा फ्रॉक घातला, केसांना दोन क्लिपा लावल्या आणि पहाटेपासून तिच्या कानाशी "बाबा येणार, बाबा येणार" केलं. सकाळी ट्रॅव्हल्स फाट्यावर थांबली. संदीप बॅगा घेऊन ओढा उतरून आला, काखेत मदुराईहून आणलेली तिच्याएवढी बाहुली. आत्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यानं बॅगा तिथंच ठेवल्या आणि उंबऱ्याजवळ गुडघ्यावर बसला. आत यायचंही त्याला धाडस होत नव्हतं.

"ओवी, बाबा आलाय गं."

ओवी माझ्या साडीमागून बाहेर आली. त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. तिनं बाहुलीकडं बघितलंच नाही.

ती रडली नाही. पळाली नाही. दोन पावलं पुढं गेली, त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली, दोन्ही हातांनी फ्रॉक वर केला आणि मांडी पुढं केली.