लबाड शेठची खुर्ची

बाळांनो, तुमचे आजोबा गेले त्याच्या आदल्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्ही निवांत पडा, बाकीचं आम्ही बघून घेऊ." ह्यांनी डोळे उघडले. "बाकीचं म्हणजे काय काय?" … हेच ह्यांचे शेवटचे शब्द. 'बाकीचं' ह्या शब्दावर त्यांचा जुना दात होता.

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरला वर्दळ वाढली आणि ह्यांनी नोकरी सोडून कंत्राटदारी धरली. पहिलंच काम म्हणजे चिंचणीच्या एका शेठच्या वाडीतली विहीर. ते फसलं असतं तर ज्याची नोकरी सोडली, पुन्हा त्याच साहेबापुढे हात जोडून उभं राहावं लागलं असतं. शेठ म्हणाले, "गोडं पाणी काढून द्या, बाकीचं बघून घेऊ." त्यांचा वकील मुंबईचा, म्हणून कामाचा तपशील मी इंग्रजीत, अगदी सुबक लिहिला. ह्यांनी मला टेबलापलीकडच्या खुर्चीत बसवलं. "आता तू शेठ. चांगला नको, लबाड हो, आणि कागदात पळवाट शोध." मी वाचलं आणि म्हटलं, "पाणी खारट आहे. दुसरी विहीर खणा, फुकट." हे हसले नाहीत. समुद्र हाकेवर, फार खाली गेलं की खारं पाणी शिरतं. कागदावरचं 'गोडं पाणी' खोडलं. विहीर किती खोल, दगडी बांधणी कुठपर्यंत, माती कोण उचलणार आणि त्याखाली खणायचं तर नवा करार, एवढंच ठेवलं.

शेठ चिडले. "माज्यावर विश्वास नाय काय?"

"तुमच्यावर आहे शेठ. पाण्यावर नाही."

ठरल्या खोलीवर पाणी लागलं, गोडं. शेठना आणखी हवं होतं. ह्यांनी कागद दाखवून काम थांबवलं. शेठनी दुसरा माणूस लावून खाली खणलं आणि उन्हाळ्यात विहीर खारावली. मग ते आमच्या दारात! वकील सोबत आहे का, हे ह्यांनी आधी खिडकीतून पाहिलं. शेठ एकटेच होते. "दुसरी खणा. आन् वैनी, लबाडी काय ती आधीच करून टाका," म्हणाले. माझी भूमिका ह्यांनी त्यांना सांगून टाकली होती.

पुढे प्रत्येक कामाआधी मी त्या खुर्चीत बसले. संशय घरातही शिरला. मी "लवकर येते" म्हटलं की हे विचारत, "लवकर म्हणजे किती वाजता?" वीट यायचा मला.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, काळजी करू नकोस, बाकीचं आम्ही बघून घेऊ." फोन ठेवून मी पहिल्यांदाच ह्यांच्या खुर्चीत बसले. समोरची, लबाड शेठची, रिकामी होती… ती आता तुमची. बाकीचं म्हणजे काय काय? घर विकणार, मला तुमच्याकडे नेणार, की इथे येऊन माझ्याजवळ राहणार? नीट लिहून पाठवा. येणार असाल तर कोणत्या महिन्यात, तेही.