वाणातली सवलत

मी कॉलेजात पोरांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवते आणि माझ्या आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्यातला पहिला नियम मी तिच्याकडूनच शिकले. जबलपूरच्या आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर चालतं. आमच्याकडचा दिवस आला की आई बजावायची, "सगळ्यांना एकसारखं वाण. एकीला वाटी अन् दुसरीला चमचा, असं नाही चालत." एका देशाला जी सवलत तीच सगळ्यांना, असं जगातल्या देशांनीही करारात लिहून ठेवलं आहे. हल्ली मोठे देश ते खुशाल मोडतात आणि ज्याच्याशी पटेल त्याच्याशी वेगळा सौदा करतात. त्यामानाने आमच्या बायका फार कायदेशीर.

भानगड निघाली ती दुसरीकडूनच. वाण वर्षागणिक फुगत चाललं. कुंकवाच्या पुडीपासून निघालेली गाडी स्टीलच्या वाटीवरून प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यावर येऊन थांबली. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका वहिनींनी डबे दिले की पुढच्या घरी त्याहून मोठे डबे. पूर्वी असल्या गोष्टींना आमच्यातल्या एक आजी वेळीच लगाम घालायच्या. त्या मुलाकडे नागपूरला गेल्या आणि त्यांच्या जागी कोण, यावर एकमत होईना. देशांच्या तंट्यांवर अपील ऐकणारं जिनिव्हातलं पीठही असंच नेमणुकांवाचून रिकामं पडलेलं. तिथल्या खुर्च्या निदान चांगल्या असतील.

या चढाओढीत शेजारच्या काकू मागे पडल्या. चेरीताल मोहल्ल्यात आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच्या त्या आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. काका कारखान्यातून रिटायर झाले आणि लगेच अंथरुणाला खिळले. घर ओढगस्तीला आलं. यंदा हळदीकुंकू जमणार नाही, असं काकूंनी आईला सांगून टाकलं. आणि जिने बोलावलं नाही तिने दुसरीकडचं वाण घ्यायला जाऊ नये, हे आमच्यातलं न लिहिलेलं कलम. आईने त्यांना आमच्या घरी अक्षरशः ओढून आणलं.

मला वाटलं, आपली विद्या आता कामाला येईल. भर हळदीकुंकवात मी उभी राहिले. दुबळ्या देशांना नियमांतून सूट मिळते, तसं ज्यांना झेपत नाही त्यांनी नुसतं यावं, वाण द्यायची गरज नाही, असा ठरावच मी मांडला. बायकांनी माना डोलावल्या. काकूंनी हातातला डबा हळूच खाली ठेवला.

"चलो, दूध गॅसवर आहे," म्हणत त्या निघून गेल्या. त्यांच्याकडे दूध सकाळीच तापतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सगळ्या गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "असं काहून बोलली तू? तिनं मागितली होती का सूट?"

"आई, मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी! कोण गरीब हे तूच ठरवून राहिली, तेबी चारचौघींत!"

गरीब देश कोण, हे ज्याने त्याने सांगायचं की बाकीच्यांनी ठरवायचं, हा वाद मी वर्गात दरवर्षी तासभर रंगवते. आईने तो एका वाक्यात संपवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंचं येणं थांबलं. कुंपणावरून जाणाऱ्या भाजीच्या वाट्याही थांबल्या. पाचव्या दिवशी आई मला घेऊन काकूंच्या अंगणात गेली. माफीबिफी काही मागितली नाही. गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, झाडाखाली पोटरीएवढी रोपं उगवली होती, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"तुह्या गोडलिंबाशिवाय माही कढी फिकी होऊन राहिली. बाजारातल्या मीठा नीमला असा वासच नाही. साऱ्याजणी मागून राहिल्या. वाणात रोपं देशील का?"

काकूंनी वाकून एका रोपाचं पान चुरगळलं, वास घेतला. मग म्हणाल्या, "अच्छा. पण लावायला डबे लागतील."

"डब्यांची काय कमी आहे आपल्यात!" आई म्हणाली, आणि दोघी हसू लागल्या. मी मागे उभी होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रथसप्तमीला काकूंचं अंगण भरलं. तापल्या सळईने बुडाला भोकं पाडलेले वर्षावर्षांचे डबे ओळीने मांडले होते. गोरखपूरच्या वहिनींना स्वतःचाच डबा रोपासकट परत मिळाला आणि त्याच सगळ्यात मोठ्याने हसल्या. माझी पाळी आली. काकूंनी हळदीकुंकू लावलं, रोप दिलं. मग इकडेतिकडे बघून पदराआडचं दुसरं रोप माझ्या पिशवीत सरकवलं.

"काकू, सगळ्यांना एकेकच आहे."

"चूप बैस. मास्तरीणबाईंना एकानं भागत नाही."

नियम सरळ सरळ मोडला होता. मी दोन्ही हातांनी पिशवी सांभाळत घरी आले.