सांध्यापुरता नवरा

गल्लीत बातमी अशी होती की घारवहिनींनी नवऱ्याशी काडीमोड घेतला आहे. पुरावा भक्कम. तो घरी आला की या नसतात, या आल्या की तो नसतो. एका छत्रीखाली सोडाच, एका दिव्याखालीही दोघांना कुणी पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तर दोघांची भांडीसुद्धा वेगळी करून टाकली होती. पराचा कावळा करावा तर त्यांनीच, आणि वर त्याला कावकाव शिकवावी तीही त्यांनीच.

मग कुणीतरी त्या कावळ्याची पिसं उपटली. काडीमोड वगैरे काही नाही. दोघं एकाच बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, वहिनी दिवसपाळीला, नवरा रातपाळीला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्याजवळ सतत एक माणूस हवं, म्हणून पाळ्या त्यांनीच अशा मागून घेतल्या. पाळी बदलायच्या वेळी तेवढं शेजारचं कुणीतरी म्हातारीजवळ बसतं आणि दोघांच्या वाटणीच्या शिव्या खातं.

सुट्टीचं म्हणाल, तर भट्टी कधी विझत नाही, त्यामुळे सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. वहिनींच्या सुट्टीला नवरा घरी असतो, पण घोरत. त्याच्या उशाशी त्या भाजी निवडत बसतात. घोरणं थांबलं की वाटतं, उठेल आता. तो कूस बदलतो. त्याच्या सुट्टीला तो टक्क जागा असतो, तेव्हा या दिवसभर बाटल्या बघून जेवणाच्या ताटावरच पेंगतात. असा हा संसार.

काम सांगायला सोपं आहे. भट्टीतून निघालेल्या बाटल्या निवत निवत पट्ट्यावरून रांगेनं येतात. पट्ट्यामागे पांढऱ्या उजेडाचा पडदा. समोरच्या बाकावर बसून तडा, बुडबुडा, वाकडी मान हेरायची आणि तसली बाटली उचलून पिंपात टाकायची. वहिनींची नजर अशी की बाटली लांब असतानाच हात उठतो. म्हणून त्या घार. रात्री त्याच बाकावर नवरा बसतो. बोलण्याच्या बाबतीत तो इतका चिक्कू की सगळे त्याला मौनीबुवा म्हणतात.

पट्टा थांबत नाही, म्हणून पाळी बदलताना जाणाऱ्यानं लगेच उठायचं नाही. येणाऱ्यानं शेजारी बसायचं, त्याची नजर बाटल्यांना लागेपर्यंत दोघांनी मिळून बघायचं, मग जाणाऱ्यानं उठायचं. कामगार याला सांधा म्हणतात. फार पूर्वी घाईघाईत पाळी बदलताना तडकलेली एक बाटली निसटली आणि कुणाच्या तरी हातात फुटली. तेव्हा युनियननं भांडून सांधा करारात घालून घेतला, दोघांचाही पगार धरून.

घारवहिनींचा सगळा संसार या सांध्यात. अट एकच, नजर बाटल्यांवर.

"आईंनी औषध घेतलं?"

"घेतलं."

"शिव्या दिल्या?"

"दिल्या."

"मग बरी आहे तब्येत. डब्यात वरच्या खणात लिंबू आहे."

"हं."

बस्स. नवऱ्याकडे बघायचं नाही. पण एखादी फुगीर बाटली समोरून जाताना तिच्या काचेत त्याचा चेहरा तरळून जायचा, हिरवा, लांबट, नाक कुठल्या कुठे गेलेलं. तोवर पुढची बाटली आलेली असायची. वहिनींना तेवढा पुरायचा. पुरायचा म्हणजे काय, पुरवून घ्यायच्या.

एका संध्याकाळी मात्र काचेतला चेहरा ओळखू येईना. मौनीबुवांनी मिशी काढली होती! लग्नापासूनची मिशी, आणि सकाळच्या सांध्यात एका शब्दानं बोलला नव्हता. वहिनींची मान वळली ती वळलीच. त्यांना त्याचा वरचा ओठ कितीतरी वर्षांनी दिसत होता. तेवढ्यात तडकलेली एक बाटली त्यांच्या हाताखालून निघाली. मौनीबुवांनी झेप घेऊन ती उचलली, पण पाळीवरच्या साहेबांनी वहिनींची वळलेली मान नेमकी पाहिली होती.

नव्या कराराच्या बोलणीत कंपनीनं तेच पुढे केलं. सांध्यात गप्पा होतात, लक्ष उडतं, सांधा बंद करू. एकजण उठेल, दुसरा बसेल. त्या बदल्यात पगारवाढ देऊ.

सायकलच्या दुकानावर युनियनची खोली आहे. तिथे दिवसपाळीची सभा भरली. रातपाळीची दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण सगळे एकदम जमले तर भट्टीपाशी कोण उभं राहणार? प्रश्न एकच: सांधा सोडायचा, की संपाची तयारी ठेवायची.

"करार म्हणजे देवाणघेवाण," अध्यक्ष म्हणाले. "वाढ हातात पडतेय. एका बाकासाठी संपाला उतरायचं?"

"माझ्या घरी कमावणारी मी एकटी," बाटल्या खोक्यात भरणारी बाई म्हणाली. "संप लांबला तर मी काय काच शिजवू?"

घारवहिनी उठल्या. "ती बाटली सांध्यामुळेच सापडली. मी एकटी असते तर गेली असती."

"पोरी," मागून भट्टीवाले काका म्हणाले, "एकटी असतीस तर बघितलं कुणाला असतंस?"

खोली हसून लोळली. वहिनी कानापर्यंत लाल. खाली बसल्या. हसू ओसरल्यावर काकाच उठले. "चेष्टा झाली, आता ऐका. सांधा आपण भांडून घेतलाय. मागितला म्हणून दिला, तर पुढच्या वेळी जेवणाची सुट्टी मागतील. माझा हात संपाला."

हात वर झाले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. निकाल रातपाळीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर वहिनी नवऱ्याशेजारी बसल्या.

"काल सगळे हसले."

"कशाला?"

"आपल्याला."

मौनीबुवांनी एक तडकलेली बाटली उचलून पिंपात टाकली. वहिनींची नजर बाटल्यांना लागली तरी ते उठेनात. मग उठले आणि सभेला गेले. वहिनी बाटल्या बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत तो बाक आपल्याला हवासा वाटतो असं ते एकदाही म्हणाले नव्हते. आज हात वर करतील की नाही? कदाचित त्यांना तो नुसता बाकच वाटत असेल. वाढ मिळाली तर आईंसाठी चांगली गादी येईल, असंही त्यांच्या मनात असेल. आणि त्यात चूक तरी काय? समोरून बाटल्या जात होत्या, एकाही बाटलीत कुणाचा चेहरा नव्हता.

दुपारी भट्टीवाले काका चहाचा पेला घेऊन आले. सकाळच्या सभेची बातमी फाटकावर ऐकून कान भट्टीपेक्षा गरम झालेले.

"अगं, तुझा मौनी बोलला!"

"काय म्हणता!"

"उभा राहिला भर सभेत. म्हणाला, तिची नजर येते तेव्हा माझी जाते, माझी येते तेव्हा तिची जाते. मधे थोडा वेळ दोन्ही असतात. तेवढं राहू द्या. एवढं म्हणून हात वर केला. मग काय, सगळी खोलीच हात वर करून बसली. अध्यक्षांनासुद्धा करावा लागला."

वहिनींनी पेला घेतला, पण बराच वेळ तोंडाला लावला नाही.

संध्याकाळी मौनीबुवा येऊन शेजारी टेकले. ओठावर मिशीचे खुंट परत डोकावत होते. हे अर्थात वहिनींना काचेतूनच कळलं.

"अहो, बोललात म्हणे."

"हं."

"एवढं सगळं?"

"वर्षाचं एकदम उरकलं."

वहिनी हसल्या. मान वळायला बघत होती, पण त्यांनी ती पट्ट्याकडे घट्ट धरली. वाकड्या मानेची एक बाटली आली. दोघांचे हात एकदमच उठले आणि तिच्यावर एकमेकांना लागले. पिंपात टाकायला जरा उशीरच झाला. नवऱ्याची नजर कधीच लागली होती, तरी त्या आणखी थोड्या बसल्या. करारात येणाऱ्याची नजर लागेपर्यंत असं म्हटलंय. लागली की नाही हे कोण ठरवणार?

बाहेर फाटकापाशी अध्यक्ष फळ्यावर संपाची नोटीस लावत होते. सांध्यावर तडजोड नाही, असं तिच्यात पहिल्याच ओळीत होतं. वहिनींना बघताच त्यांना चेष्टा सुचली.

"काय वहिनी, मजा आहे तुमची! संप झाला की दिवसभर नवरा घरी. मग तो बाक हवाय कशाला?"

घारवहिनींनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि म्हणाल्या, "रातपाळीची सवय, संपातही दिवसा तो घोरणारच हो. जागा नवरा मला त्या बाकावरच भेटतो."