लालपेनबाई आणि जावईबापू

आमच्या ऑफिसात प्रोग्राम कागदावर छापून वाचणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्यामुळेच आमचा प्रिंटर जिवंत होता. बाकी आम्ही सगळे पडद्याकडे बघून मान डोलावणारे. बाई सकाळी साडेनऊला येत, चष्मा पुसत, वीस-पंचवीस कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढत आणि पेनाचं टोपण दातात धरून पहिल्या ओळीपासून सुरुवात करत. वाचताना ओठ हलायचे. एखादी ओळ पटली नाही की तिच्याभोवती लाल गोल आणि बाजूला एकच शब्द: "का?" त्या गोलांना आम्ही जाम घाबरायचो आणि पाठीमागे त्यांना लालपेनबाई म्हणायचो. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा शाई संपली तेव्हा त्यांनीच हाक मारली, "अरे, लालपेनबाईंना कुणीतरी लाल पेन द्या रे."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो, म्हणजे नऊ वर्षं माझ्या कामावर गोल पडले. बाईंबद्दल सांगायचं तर त्यात माझी शोभा होणार. पण माझी शोभा टाळून बाईंची गोष्ट सांगताच येत नाही, मी करून पाहिलं.

आम्ही दवाखान्यांसाठी औषधाचं प्रमाण काढणारा प्रोग्राम करायचो. नर्सने रुग्णाचं वजन भरायचं, औषध निवडायचं, आणि किती द्यायचं ते प्रोग्राम सांगायचा. जुना प्रोग्राम बाईंच्या हातचा. त्याला एक खोड होती. वजनाचा रकाना रिकामा ठेवला की तो जागचा हलायचा नाही. पडदा लाल व्हायचा, टूं टूं आवाज यायचा आणि मोठ्या अक्षरांत 'आधी वजन घ्या' असं झळकायचं. दवाखान्यांतून फोन यायचे की तुमचं घोडं सारखं वजनापाशीच पेंड खातं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "मग घेतलंत का वजन?"

शिवाय आमच्याकडे एक रीत होती. प्रोग्राम दवाखान्यात जाण्याआधी एका छापील कागदावर सही लागायची. कागदावर एकच वाक्य होतं: 'मी हा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला आहे व तो मला समजला आहे.' त्याखाली बाईंची सही असायची. त्या सहीच्या भरवशावर रोज शेकडो माणसांच्या, लहान पोरांच्याही, अंगात औषध जात होतं. आम्हाला तो नुसता कागद वाटायचा.

बाईंचे यजमान शिंपी. दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान होतं, एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीवर टांगलेल्या मापांच्या चिठ्ठ्या. ऑफिस सुटलं की बाई तिथे स्टुलावर बसून उरलेले कागद त्यांना वाचून दाखवत. मास्टरांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मशीन चालवता चालवता 'हं, हं' करायचे आणि काही अडलं की पाय थांबवून विचारायचे, "म्हणजे काय?" बाईंचा नियम होता, जे ह्यांना सांगता येत नाही ते मलाच कळलेलं नाही. मी एकदा शर्टाचं माप द्यायला गेलो असताना हा प्रकार पाहिला आणि घरी येऊन बायकोला पोट धरून हसत सांगितला. बायको हसली नाही. "तू मला कधी काही वाचून दाखवतोस का?" एवढंच म्हणाली.

मग आमच्याकडे कोड लिहून देणारा एआय सहायक आला. आठवड्याभरात त्याचं नाव जावईबापू पडलं, कारण लाडच तसे चालले होते. साहेब आमच्याशी बोलत नसत इतकं गोड त्याच्याशी बोलत. त्याचं काही चुकलं तर आपलंच सांगायचं चुकलं असं धरायचं. घरच्या जावयाला कुणी 'असं का केलंत' म्हणून विचारत नाही, तसं यालाही कुणी विचारेना. बोलणं लाघवी, आणि 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडी कधी आलेच नाहीत; उचलली जीभ लावली टाळ्याला. मला जे लिहायला महिना लागला असता ते तो माझा चहा थंड व्हायच्या आत लिहून द्यायचा. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

साहेबांनी ठरवलं की औषधाचा अख्खा प्रोग्राम जावईबापूंकडून नव्याने लिहून घ्यायचा. त्याला सूचना द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'प्रोग्राम जलद हवा. काम कुठेही अडता कामा नये.' जावईबापूंनी अकरा हजार ओळी दिल्या. मी म्हटलं, आता याच्या चाचण्याही तुम्हीच लिहा. चारशे बारा चाचण्या आल्या आणि सगळ्याच्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. ज्याने पेपर काढला त्यानेच तो सोडवला, त्यानेच तपासला, आणि पैकीच्या पैकी मार्क पाहून टाळ्या आम्ही वाजवल्या.

बाई दिवसाला दोनशे ओळी वाचायच्या. सहाव्या दिवसाच्या शेवटी साहेब त्यांच्या टेबलाशी आले.

"बाई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कागद घेऊन बसलाय. तिकडे रुग्ण ताटकळतायत. एकेक मिनिट मोलाचं आहे."

"मग माझ्याबरोबर आणखी पाच जण वाचायला बसवा. आठ-नऊ दिवसांत होईल."

"अहो, पण चाचण्या हिरव्या आहेत ना सगळ्या?"

"त्या कुणी लिहिल्यात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नुसती सही तर करायचीय, बाई."

"कागदावर लिहिलंय, वाचला आणि समजला. मी बाराशे ओळी वाचल्यात. म्हणत असाल तर बाराशे ओळींपुरती करते."

दुसऱ्या दिवशी बाईंकडे माहितीपुस्तिका लिहायचं काम आलं आणि सहीचा अधिकार माझ्याकडे. मला पडत्या फळाची आज्ञा. बाईंनी कागदाचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "वाचशील ना रे?" मी म्हटलं, "म्हणजे काय, बाई!" मग मी पडद्यावर माउसचं चाक फिरवत बसलो. ओळी देखण्या होत्या. सरळ रांगेत उभ्या, जागोजागी समजूतदार टिपा. चूक इतकी टापटीप असू शकते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी मी सही केली. लाज वाटली का? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटली. तेव्हा भूक लागली होती.

बाईंनी पुस्तिकाही त्यांच्याच पद्धतीने लिहायला घेतली, म्हणजे आधी प्रश्न. बुधवारी दुपारी त्यांनी मला विचारलं, "वजन भरलंच नाही तर काय होतं?"

मी जावईबापूंना विचारलं आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. "अशी परिस्थिती सुरक्षितपणे हाताळली जाते."

"म्हणजे काय होतं?"

"सुरक्षितपणे हाताळली जाते, बाई."

"अरे, हाताळतो म्हणजे करतो काय?"

मी वैतागलो. "बाई, तुम्हाला आता पुस्तिका लिहायचीय, प्रोग्राम नाही," असं बोलून गेलो. ज्या बाईने नऊ वर्षं माझी एकही चूक दवाखान्यापर्यंत पोचू दिली नाही, तिला मी हे बोललो. आठवलं की अजून कानशिलं तापतात. बाईंनी जावईबापूंचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि सहाला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी दुकानात काय झालं ते मास्टरांनी मला नंतर सांगितलं. बाईंनी रिकाम्या वजनाचा प्रश्न सांगितला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. मास्टरांचा पाय थांबला.

"माप घेतलेलं नाही आणि तरी कापड कापलं?"

"तसंच दिसतंय."

"मग कुणाच्या मापाने कापलं?"

गुरुवारी बाई आठलाच ऑफिसात आल्या. अकरा हजार ओळींत जिथे जिथे वजन होतं ती प्रत्येक जागा त्यांनी शोधून काढली. सहा हजार तीनशे चाळिसावी ओळ. वर नेटकी टीप: 'काम अडू नये म्हणून, वजन उपलब्ध नसल्यास सरासरी वजन गृहीत धरले आहे.' आणि खाली आकडा, साठ किलो. याची एक चाचणीही होती. वजन रिकामं ठेवलं तर प्रोग्राम अडतो का? अडत नाही. हिरवी.

मी पावणेदहाला पोचलो तेव्हा बाई उभ्याने फोनवर बोलत होत्या. त्यांनी एका हाताने ती ओळ मला दाखवली. नवा प्रोग्राम पहिल्या दवाखान्यात त्याच दिवशी सकाळी आठला सुरू झाला होता. फोन स्पीकरवर होता, आणि पलीकडच्या सिस्टर खुशीत होत्या. "नवीन फार छान आहे हो, आता अजिबात अडत नाही!"

"सिस्टर, सकाळपासून वजन न भरता कुणाला औषध दिलं गेलंय का, ते बघा. आत्ता बघा. मी फोन धरते."

चारेक मिनिटं गेली. मी घड्याळाकडे बघत होतो, बाई त्या साठ किलोकडे.

एकच रुग्ण निघाला. अडीच वर्षांचा मुलगा, वजन असेल अकरा किलो. डोक्याचा स्कॅन करायचा होता, तेव्हा हलू नये म्हणून झोपेचं औषध द्यायचं होतं. वजनकाटा वरच्या मजल्यावर, स्कॅन खाली, म्हणून रकाना राहून गेला होता. औषध नेहमीपेक्षा जास्त वाटतंय असं देताना सिस्टरच्या मनात आलं होतं. पण प्रोग्राम सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, शिवाय आता तो नवा होता.

"पण तो ठीक आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "स्कॅन झालाय. बाहेर आईच्या मांडीवर झोपलाय. ती म्हणत होती, किती दिवसांनी इतका शांत झोपलाय."

बाई ओरडल्या. नऊ वर्षांत त्यांचा वरच्या पट्टीतला आवाज मी ऐकला नव्हता. "त्याचा श्वास बघा! डॉक्टरांना बोलवा, पळा!" पलीकडे फोन आदळल्याचा आवाज आला आणि नंतर नुसती धावणारी पावलं.

पोरगा जवळजवळ दोन दिवस यंत्राच्या श्वासावर होता. शनिवारी सकाळी त्याने डोळे उघडले. त्या दोन दिवसांत मी प्रोग्राम पहिल्यांदा वाचला. ओळ न् ओळ. अर्ध्याहून जास्त मला समजला नाही.

मग बैल गेला आणि झोपा केला, तशी चौकशी बसली. चौकशीवाल्यांनी ती ओळ माझ्यापुढे ठेवून विचारलं, ही इथे का आहे? मला सांगता येईना. साहेबांना तर नाहीच नाही. शेवटी साहेबांनी जावईबापूंनाच विचारलं. ते तत्काळ म्हणाले, 'तुमचं अगदी बरोबर आहे, ही गंभीर चूक होती. मी ती दुरुस्त केली आहे.' आणि लगे हात आणखी चाळीस ठिकाणी सुधारणा केल्याचंही त्यांनी कळवलं. त्या चाळीस कोण वाचणार हे विचारायची खोलीत कुणाची छाती झाली नाही. अहवालात शिफारस आली की सहायकाचं काम तपासायला आणखी एक सहायक घ्यावा. एक जावई चुकला म्हणून दुसरा करायचा, त्यातला प्रकार.

साहेबांनी सहीचा कोरा कागद गुपचूप बाईंपुढे सरकवला.

"करेन," बाई म्हणाल्या. "आधी जुना प्रोग्राम परत लावा, नव्यातलं मी वाचेन तेवढंच जाईल. आणि आज दुपारी हा माझ्याबरोबर दवाखान्यात येईल."

"याला कशाला नेता, बाई?"

"सही त्याची आहे."

मुलगा पलंगावर बसून मनगटावरची प्लास्टिकची पट्टी चावत होता. त्याची आई बाजूच्या खुर्चीत बसली होती. आम्ही कोण ते सिस्टरने सांगताच ती उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही फोन केलात म्हणून माझं लेकरू परत मिळालं. देवासारखे धावून आलात." मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी एका शब्दाने मध्ये पडायला हवं होतं. त्या पडल्या नाहीत.

"फोन यांनी केला," मी म्हणालो. "ज्या प्रोग्रामने ते औषध सांगितलं त्यावर सही माझी आहे. मी वाचलाय आणि मला समजलाय, असं लिहिलेल्या कागदावर. मी तो वाचला नव्हता."

तिने हात सोडले. ती पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चिडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"मग सही कशाला केलीत?"

"घाई होती," मी म्हणालो. "रुग्णांना थांबायला लागू नये म्हणून..."

"आम्हाला कुठे घाई होती हो?" ती म्हणाली. "आम्ही सकाळी सहापासून बाकावर बसलोच होतो. वजन करून आणा म्हणाला असतात, तर आणलं असतं की."