पंटरची आई

"मग अडलंय कुठं?"

कुणीही अडचण सांगितली की ताई आधी चष्मा काढत, ओढणीनं पुसत आणि एवढंच विचारत. हॅमिल्टनच्या आमच्या हॉस्पिटलात त्या फार्मसिस्ट, मी नर्स. राहायलाही एकाच गल्लीत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढं अडचण सांगता सांगता ती आपल्यालाच लहान वाटायला लागते.

ताई कोल्हापूरच्या, म्हणजे फुटबॉल रक्तातच. पेठांमधल्या सामन्यांच्या गोष्टी सांगताना त्यांचा डबा तसाच राहायचा. त्यामुळे मुलगा रोहन शाळेत रग्बी खेळू लागला तेव्हा त्या जरा रुसल्याच. पण त्याची किक फार लांब जायची. शनिवारी मैदानाच्या कडेला जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून त्या त्याच्या किकचे व्हिडिओ काढत आणि इंटरनेटवर टाकत. ते पाहून अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या कोचनी रोहनला पंटर म्हणून विचारलं. पंटर म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये हातातला चेंडू लाथेनं उंच, लांब धाडणारा.

"आमच्याकडं पंटर म्हणजे दादाच्या मागं हिंडणारा," ताई म्हणाल्या. "आणि चेंडू हातात धरून पळायचं, त्याला फुटबॉल म्हणायचं?" पण त्याच दिवशी माहिती काढायला बसल्या.

पहिल्या विद्यापीठानं पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली. होकार मात्र आठवड्यात हवा होता. दुसरं अभ्यासाला फार कडक. तिथला कोच म्हणाला, मुलगा आवडला, पण प्रवेशाच्या बाबतीत माझं काही चालत नाही. गणिताच्या परीक्षेत वरचे गुण हवेत, शिवाय जागा एक आणि मुलं दोन. रोहनला विमानांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं, आणि ते या दुसऱ्या ठिकाणीच होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते. रोहनचे बाबा म्हणाले, मिळतंय ते घ्यावं. ताईंनी रोहनलाच विचारलं. तो नेहमीसारखा इंग्रजीत म्हणाला, "आय वॉन्ट द हार्ड वन, आई. बट व्हॉट इफ आय मिस इट?"

"तर ख्राइस्टचर्चला इंजिनिअरिंग आहेच की. उघड्यावर थोडाच पडणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी रोहननं स्वतः फोन करून पहिल्या विद्यापीठाला नकार दिला. मग विरोध करणारे बाबाच त्याला रोज गणित शिकवायला बसू लागले. ताई कामावर कमी हसायला लागल्या, एवढंच मला जाणवलं. गुण आले ते हवे होते त्याहून वरचे.

राहिली निवड. कोच ऑकलंडला आला आणि दोन्ही मुलांना त्यानं तिथल्या हेन्डरसन भागातल्या एका मैदानावर बोलावलं. गाडी मी चालवली. वारा समोरून होता. दुसऱ्या मुलाची किक छान लांब गेली. रोहनची पहिलीच किक वाऱ्यानं उचलली आणि मागं आणून टाकली. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

रोहन थांबला. चिमूटभर गवत उडवून त्यानं वारा पाहिला. पुढची किक त्यानं खालून, तिरकी मारली. चेंडू वाऱ्याखालून निसटून कोपऱ्यातल्या खुणेजवळ पडला. मग पुन्हा तिथंच. आणि पुन्हा.

कोच चालत ताईंकडं आला. "वी वॉन्ट युअर सन."

ताईंनी शांतपणे विचारलं, सरावाच्या वेळेलाच लॅब आली तर काय करायचं? कोच म्हणाला, लॅब आधी. तेव्हा त्या इकडच्या लोकांसारखं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम झकास, म्हणाल्या आणि गाडीच्या आड जाऊन पोटभर रडल्या.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही कॅन्टीनमध्ये एका फोनभोवती जमलो होतो. अमेरिकेत तेव्हा शनिवार. ताई रजा टाकून तिकडं गेल्या होत्या. रोहनची किक उंच गेली, आता खाली येते की नाही असं वाटेपर्यंत हवेत राहिली आणि समोरच्या संघाच्या अगदी शेवटच्या रेषेशी पडली. कॅमेरा क्षणभर प्रेक्षकांवर फिरला. त्या अफाट गर्दीत आमच्या ताई बाकावर उभ्या राहून, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होत्या.