रिकामी असली तरी पट्टा लाव

अक्का गेल्याचं मला संगीतानं फोनवर कळवलं. संगीता श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात अक्काच्या शेजारी राहते, अक्काच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडं असायची. "मामा, अक्का उठंनात. हाका मारून दमले... तुमी या." एवढंच बोलली. मी राहुरीला दारात गाडी पुसत उभा होतो, कारण त्या दिवशी आम्हा दोघांना भंडारदऱ्याकडं जायचं होतं. फडकं बॉनेटवर तसंच टाकून निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, पण मी एकीलाही ओलांडून पुढं गेलो नाही. घाई करून काही उपयोग नाही, हे संगीताच्या आवाजावरूनच मला कळलं होतं. अक्का कुशीवर निजलेली होती. खुर्चीवर प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली, तीत पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि माझ्यासाठी वेगळी बिनमिठाची शेंगदाण्याची पुडी. बाई निघायच्या तयारीतच गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुशीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं जन्म काढला. मूलबाळ झालं नाही, भाऊजीही लवकर गेले. इकडं माझी बायको गेल्यावर मी राहुरीच्या घरात एकटा, मुलगा निखिल कॅनडात. म्हणजे या सगळ्या जिल्ह्यात तिला मी आणि मला ती, असा हिशेब होता. मी कितीदा म्हटलं, राहुरीला ये राहायला. तर म्हणायची, "विजू, तुझा टीव्ही फार ओरडतो, आणि तू त्याच्यावर ओरडतोस. दोघांचं कोण ऐकणार?" मग मीच आठवड्यातून एकदा बेलापूरला जायचो. भांडायला माणूस लागतं ना.

गाडीतल्या लहान मुलांच्या सीटचं प्रकरण या संगीतापासून सुरू झालं. तिच्या नवऱ्यानं जुनी गाडी घेतली होती, हप्त्यावर. पोर मांडीवर घेऊन ती पुढं बसलेली, नगर-मनमाड रस्त्यावर खड्डा चुकवताना त्यानं ब्रेक मारला आणि पोराचं कपाळ समोर आपटलं. टाके पडले. पोर वाचलं, पण अक्कानं ते रक्तानं भिजलेलं टोपडं पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं माझ्याकडं आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "माळ्यावरची ती सीट काढ."

माळ्यावरची सीट म्हणजे माझा नातू अर्णव दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा इकडं येणार होता, तेव्हा मी पुण्याहून आणलेली. निखिलनं फोनवर बजावलं होतं, सीट नसेल तर विमानतळावरून गाडीत बसणार नाही. मला राग आला होता. आम्ही तुला बैलगाडीतून, मोटरसायकलच्या टाकीवर बसवून वाढवला, तेव्हा कुठं होती तुझी सीट... पण आणली. चांगल्यातली आणली. पोरगं तीत बसून राहुरीपर्यंत झोपून आलं, ते ध्यान अजून डोळ्यांपुढं आहे. सुट्टी संपली, ते गेले, सीट मी पुसून प्लास्टिकच्या मूळ पिशवीत घालून माळ्यावर ठेवली. अक्काला मी साफ सांगितलं, नाही देणार. अर्णव आला तर? ती म्हणाली, "तो येईल तेव्हा शाळेत जात असेल, विजू." मी म्हटलं, असू दे. ती पाणी प्यायली आणि गेली. पुन्हा कधी तिनं त्या सीटचा विषय काढला नाही. आपण चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं की माळ्यावर काय ठेवलंय.

पण अक्काच्या डोक्यात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली. माझ्या माळ्यावर सीट आहे, तर माझ्यासारख्या सगळ्यांच्याच माळ्यावर असणार. कुणाची पोरं परदेशात, पुण्यात, बंगळुरूत, हे तिला तोंडपाठ. निम्मे तिचेच विद्यार्थी. एकेक घर धरून ती निघाली आणि गाडी चालवायला अर्थात मी. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर. सगळीकडं एकच रीत. म्हातारा-म्हातारी दारात येऊन उभी राहायची, चहा व्हायचा, मोबाईलवर नातवंडांचे फोटो व्हायचे. मग सीटचं नाव काढलं की घर गप्प. "आहे खरी... पण बघू." मला ते गप्प होणं आतून समजायचं. सीट देऊन टाकली म्हणजे नातू आता येत नाही, हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कोण करणार?

अक्कालाही ते समजलं, माझ्यापेक्षा लवकर समजलं. श्रीरामपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी तिनं पहिल्यांदा वेगळं बोलून पाहिलं. "मास्तर, मला दान नकोय. उसनी द्या. तुमची नात आली की एका फोनवर परत." पोस्टमास्तर उठले, स्टूल घेतलं आणि स्वतः माळ्यावर चढले. त्यांच्या बायकोनं सीटचं कापड घरात धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी आमच्या हवाली केलं. तेव्हापासून अक्कानं 'द्या' हा शब्दच टाकून दिला. उसनी. तेवढ्यावर घरं उघडत गेली.

आणि उसन्याची रीत तिनं पुरी पाळायला लावली. आपल्याकडं शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालून देतात. तर पोर मोठं झालं की सीट अक्काकडं द्यायची नाही, ज्याची त्याच्या घरी नेऊन द्यायची, पोराला संगं घेऊन, आणि रिकामी द्यायची नाही. संगीतानं पोस्टमास्तरांची ती पहिली सीट परत केली तेव्हा तीत एक लाल भोपळा बसवला होता, दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन, नीट कुलूपबंद. पोस्टमास्तर हसून हसून खोकायला लागले. मग काय, पेरू आले, शेवग्याच्या शेंगांची जुडी आली, बाजरीची पिशवी आली. सीट मालकाच्या घरी चार दिवस राहायची आणि पुढच्या पोरासाठी आम्ही ती पुन्हा उसनी मागायला जायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, एका पोराकडून परस्पर दुसऱ्याकडं दे की. डिझेल काय झाडाला लागतं?" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मग त्या म्हाताऱ्यांकडं जाणार कोण?"

बसायची ती कायम मागं, सीटच्या शेजारी. पुढं ये म्हटलं तर म्हणायची, पोर नीट बसतं का ते मला कळायला नको? पोर नसायचंच, सीट मोकळीच न्यायचो. तरी निघण्याआधी तिची तपासणी. पट्टा ओढून बघायचा, सीट हलते का बघायची, खाली कोरलेलं वर्ष चष्मा लावून वाचायचं, कारण त्या वर्षानंतर ती वापरायची नसते. हे सगळं ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली होती, आणि दुसऱ्यांना शिकवताना तिच्यातली मास्तरीण जागी व्हायची. तान्ह्या पोराचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं म्हटलं की आया नाराज व्हायच्या, पोराचं तोंड दिसत न्हाई म्हणायच्या. अक्का म्हणायची, "तोंड आयुष्यभर बघायचंय ना? मग आता मान सांभाळ." मी एकदा कंटाळून रिकाम्या सीटला पट्टा न लावताच गाडी सुरू केली. मागून आवाज आला, "रिकामी असली तरी पट्टा लाव. ब्रेक मारलास तर उडून माझ्याच डोक्यात बसेल." उतरलो, लावला. पुढं ती सवयच झाली.

ती गेली त्या दिवशी माझ्या गाडीत पोस्टमास्तरांचीच सीट होती. भंडारदऱ्याजवळच्या एका पाड्यावर द्यायची होती. तिथला देवराम जुन्या गाडीतून पर्यटकांना धरणाभोवती फिरवतो. त्याच्या चार-पाच महिन्यांच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, दर थोड्या दिवसांनी घाट उतरून नाशिकला तपासायला न्यावं लागतं. नवी सीट घेणं त्याच्या ताकदीबाहेर. कुठल्याशा नर्सबाईंनी त्याला अक्काचा नंबर दिला होता. आम्हा बौद्धांत तेराव्याऐवजी असतो तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पांढऱ्या कपड्यातली माणसं आपापल्या घरी गेली, आणि दोन दिवसांनी पोस्टमास्तरांचा फोन आला. अडखळत बोलत होते. "विजयराव, वेळ नाही ही बोलायची... पण मुलगी येतेय. नातीला आणि धाकट्यालाही घेऊन. ती सीट..." इतक्या घरांतून आम्ही नातवंडं आली की परत देऊ म्हणून सीटा उचलल्या, आणि खरोखर नातवंडं येण्याची ही पहिलीच वेळ. आणि ते ऐकायला अक्का नाही. मी परसातली एक पिकली पपई तोडली, सीटमध्ये बसवली, पट्टे लावले आणि श्रीरामपूरला नेऊन दिली. पोस्टमास्तरांनी घराला रंग द्यायला काढला होता. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला, हे लिहायला लाज कशाला धरू.

घरी येऊन बसलो तोच देवरामचा फोन. "अक्काचं कळलं, लई वाईट झालं. आमी काय सीटसाठी फोन केला न्हाई हां..." पण केला होता त्यासाठीच. पुढच्या आठवड्यात पोरीला नाशिकला न्यायचं होतं. बाकीच्या सगळ्या सीटा कुठं ना कुठं पोरांखाली होत्या. मोकळी सीट जिल्ह्यात मला ठाऊक असलेली एकच.

स्टूल लावून मीच चढलो. प्लास्टिकची पिशवी कडक झाली होती, हात लावताच फाटली. आत सीट जशीच्या तशी. खाली कोरलेलं वर्ष पाहिलं, अजून दोन-तीन वर्षं बाकी होती. पट्ट्याच्या फटीत बिस्किटाचा चुरा सापडला... तो मी तसाच ठेवणार होतो, मग काढला. निखिलला विचारल्याशिवाय द्यावी असं वाटेना, म्हणून फोन लावला. म्हटलं, "अर्णवची ती सीट एकांना देऊ म्हणतो."

"कोणती सीट, बाबा?"

"गाडीतली. तो बसून आला होता बघ."

"अजून ठेवलीये तुम्ही ती? अहो, द्या की टाकून. तो आता केवढा झालाय." मग त्यानं माझ्या बीपीचं विचारलं, अक्काआत्याबद्दल हळहळला, चांगला बोलला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त आठवत नव्हती. इतकी वर्षं ती सीट आम्हा बापलेकांची आहे असं मी धरून चाललो होतो, ती एकट्या माझीच होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या सीटशेजारी जमिनीवर बसून राहिलो. अशा वेळी मी बेलापूरला फोन करत असे.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. संगमनेर, अकोले, मग चढ. देवरामच्या दारात त्याच्या गाडीत सीट बसवून दिली, दोनदा ओढून बघितली. त्याच्या बायकोनं पोरीला आत ठेवलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाली, "हिचं त्वांड दिसत न्हाई की." अक्काचं वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी ते तसंच बोललो, तिच्याच सुरात. पोरगी इवलीशी, छातीवर टाक्यांची रेघ, सीटमध्ये निम्मी हरवलेली. पट्टा लागला तशी तिनं एक जांभई दिली आणि झोपून गेली. अर्णवही असाच झोपला होता.

देवराम म्हणाला, "परत कवा आणून देऊ, मामा?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. नातू आला की. इतक्या घरांत अक्काच्या तोंडून ऐकलेलं. पण मला ते बोलता येईना. म्हटलं, "हिला पुरतेय तोवर राहू दे." मग गाडीपाशी गेल्यावर मागं वळून म्हणालो, "पण मधून येऊन जा राहुरीला. हिला घेऊन. घरी मी एकटाच असतो." असं मी यापूर्वी कुणाला म्हटलं नव्हतं.

घाट उतरताना मागून सारखी टकटक येत होती. आधी वाटलं काही सुटलं असेल. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर मागच्या सीटवरचा पट्टा मोकळा लोंबत होता, प्रत्येक वळणाला त्याचं टोक दाराच्या कडीवर आपटत होतं. बाळाची सीट जिथं असायची तिथं गादीवर दोन खोल खळगे पडलेत. त्याच्या शेजारची जागा अक्काची, ती जराशी दबलेली. मी आधी खळग्यांवरचा पट्टा लावला. मग पलीकडून जाऊन तिच्या जागेचाही लावला, ओढून बघितला, आणि गाडी सुरू केली. हल्ली भाजी आणायला निघालो तरी दोन्ही लावूनच निघतो.